आवाज घरून आणायचा

दिगंबर सुतारच्या यकृतातली गाठ आवाजाने जाळायची ठरली, आणि तो आवाज घरच्यांनी आणायचा होता. यंत्र हॉस्पिटलचं, पाणी हॉस्पिटलचं, टेबलही हॉस्पिटलचं. आवाज तेवढा पेशंटच्या माणसांचा. रक्ताच्या बाटल्यांचं जसं असतं तसंच हे, असं डॉक्टर म्हणाले. एका वेळी किमान आठ माणसं लागतील, जास्त आली तर चांगलंच, आणि कुणी उपाशीपोटी येऊ नये, कारण पाण्यात तोंड घालून ओणवं राहिलं की चक्कर येते.

सुतारांकडे माणसांना तोटा नव्हता. दिगंबर मिरजेत तंबोरे करायचा, त्याच्या बापानेही तेच केलं होतं, आणि लग्न असो की दुखणं, निरोप गेल्यावर न येणारा नातेवाईक त्या घराण्यात अजून जन्माला यायचा होता. धाकटा भाऊ भालचंद्र दोन गल्ल्या सोडून राहायचा. थोरली बहीण गोदाक्का निपाणीहून आली ती महिन्याचे कपडे घेऊनच. मुलगा सतीश बँकेतून रजा टाकून कोल्हापूरहून आला. बायको इंदू घरातच होती, त्यामुळे तिला कुणी मोजलं नाही.

डॉक्टरांनी सगळ्यांना यंत्राची रीत समजावून सांगितली. एकट्याचा आवाज कुणाला लागत नाही. तो कातडीतून, चरबीतून, मांसातून जातो आणि मागे खूणही ठेवत नाही. आठ बाजूंनी आठ आवाज गेले आणि एका ठिकाणी भेटले, की तिथे जे असेल ते जळतं. त्या ठिकाणी गाठच असायला हवी. त्यासाठी दोन गोष्टी पाळायच्या. बोलताना बुडबुडा येऊ द्यायचा नाही, कारण हवेपाशी आवाज अडतो. आणि पेशंटच्या दुखण्याबद्दल जे बोलायचं ते खरं बोलायचं, कारण खरं वाक्य सरळ जातं आणि खोटं वाटेत वळतं.

"पेशंटला आजार माहीत आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं.

सगळ्यांनी गोदाक्काकडे पाहिलं. शेवटी गोदाक्का म्हणाली, "आम्ही बोलू की जपून."

हे सगळं दिगंबर बाहेरच्या बाकावर बसून ऐकत होता. आपल्याकडे गुपित सांगताना दार लावायची पद्धत नाही. माणसाचा आजार त्याला सोडून बाकी सगळ्यांच्या मालकीचा असतो. शेजारच्या किराणावाल्याला माहीत असतो, रिक्षावाल्याला माहीत असतो, आणि ज्याच्या पोटात तो वाढतो त्याला मात्र "पित्त वाढलंय" म्हणून सांगतात. सुतारांच्या घरी तर याची रीतसर बैठकच झाली होती. दिगूला ‘सूज’ म्हणायचं, असं गोदाक्काने ठरवलं. इंदू तोंडाळ नव्हती, पण साधी होती, तिचा भरवसा नव्हता. म्हणून तिला सतीशच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. एकतीस वर्षांचा बँकेतला मुलगा न्हाव्यापुढे वाकवावी तशी मान वाकवून बसला, आणि इंदूने शपथ घेतली.

खरं तर दिगंबरला सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. चाळीस वर्षं त्याने तंबोऱ्याचे भोपळे टिचक्या मारून निवडले होते. कोणत्या भोपळ्यातून आवाज नीट घुमेल आणि कोणता आतून किडका आहे, हे त्याला बोटाच्या पेराला कळायचं. दिवाळीनंतर एके दिवशी आंघोळ करताना त्याने सहज उजव्या फासळ्यांखाली टिचकी मारली आणि तिथला ठोका बद्द आला. त्याने पुन्हा मारली, इंचभर सरकवून मारली, आणि त्या बद्द जागेची कड बोटाने आखून घेतली. लिंबाएवढी होती. भोपळा असता तर त्याने परत पाठवला असता.

पहिल्या खेपेला आठ जण आले. टेबलाच्या उजव्या अंगाला पाण्याचा अर्धगोल हौद होता आणि हौदाची आतली भिंत रबराची होती. दिगंबरला उताणं झोपवून त्याची उजवी कूस त्या रबराला चिकटवली. यंत्र चालवणाऱ्या मुलीचं नाव अश्विनी. ती नर्स नव्हती, पण सगळे तिला सिस्टर म्हणत आणि तिने ते चालवून घेतलं होतं. तिने आठही जणांना हौदाभोवती गुडघ्यांवर बसवलं, प्रत्येकाच्या कपाळावर पेनाने खूण केली आणि डोकी थोडी थोडी सरकवून नीट रोखली. फासळीआड आलेलं वाक्य हाडातच अडकतं, म्हणून भालचंद्राला दोन वेळा जागा बदलावी लागली. इंदूला बोलावलं तेव्हा गोदाक्का म्हणाली, तिला राहू द्या, ती रडते आणि बुडबुडे होतात.

"काका, श्वास घ्या. धरा," अश्विनी म्हणाली. श्वासाबरोबर यकृत खाली-वर होतं, तेव्हा बोलणं चालू असेपर्यंत श्वास सोडायचा नव्हता.

आठ तोंडं पाण्यात गेली. खोलीत काही ऐकू आलं नाही. पण दिगंबरला ती वाक्यं कुशीतून आत येताना एकेक करून कळली, कारण कान हा त्याचा धंदा होता. गोदाक्का म्हणाली, दिगू, तुला काय बी झालेलं न्हाई. भालचंद्र म्हणाला, दादा, साधी सूज आहे. सतीश म्हणाला, अण्णा, डॉक्टर म्हणालेत की काळजीचं कारण नाही. बाकीच्या पाचांनी याच तिघांची वाक्यं पुढे-मागे करून म्हटली. आठही वाक्यं आत शिरून गाठीच्या अलीकडे शिस्तीत वळली, आणि वळून एका जागी भेटली.

दुखलं नाही. शेवटच्या फासळीखाली चिंचोक्याएवढं भोक पडलं, पोटाकडून पाठीकडे आरपार. रक्त नाही, आग नाही, कडा पॉलिश कागदाने घासल्यासारख्या गुळगुळीत. उठून बसल्यावर त्यातून मागची हिरवी भिंत दिसली. काम सफाईदार होतं, हे दिगंबरला मान्य करावं लागलं.

"हे खोट्याचं भोक आहे," डॉक्टर म्हणाले. "चांगला भाग गेला. गाठ आहे तशी आहे. पुढच्या वेळी माणसं वाढवा."

भोकाबद्दल घरी कुणी चकार शब्द काढला नाही. गोदाक्काने सदऱ्याला आतून खिशासारखं ठिगळ लावलं आणि वरून शाल पांघरली. दिगंबर पंख्याखाली बसला की त्या भोकातून वारा जायचा आणि बारीक सूर लागायचा. आयुष्य तारेच्या कामात गेलं आणि म्हातारपणी आपण फुंकायचं वाद्य झालो, हे तो हसत भालचंद्राला सांगायला गेला. भालचंद्राने उठून पंखा बंद केला आणि गारठा वाढलाय म्हणाला. मार्च महिना होता.

मग दिगंबरने सरळच विषय काढला. गोदाक्का ताटात भात वाढत होती. तो म्हणाला, "अक्का, मला काय झालंय ते मला माहीत आहे."

"काय म्हाईत हाय?" ती म्हणाली. "काय असलं तर म्हाईत असंल न्हवं. जेव."

दुसऱ्या खेपेला चौदा माणसं झाली. निपाणी, इचलकरंजी, गडहिंग्लज, जिथे जिथे सुतारांची मुलगी दिली होती तिथून जावई आले, डबे घेऊन आले. बाकांना जागा हवी म्हणून हॉस्पिटलचा बोळ चार बाकांनी लांबला. पण इमारतीची लांबी जेवढी होती तेवढीच राहिली, तेव्हा बोळ जेवढा वाढला तेवढी यंत्राची खोली आत आली. पहिल्या खेपेला टेबलापासून भिंतीपर्यंत अश्विनीला सहज फिरता यायचं. आता ती तिरकी होऊन जायची.

खरं बोला, असं तिने या वेळी प्रत्येकाला वेगळं बजावलं. प्रत्येकाने मान डोलावली. प्रत्येकाच्या मनात काय होतं तेही दिगंबरला पुढे कुशीतूनच कळलं. चौदा माणसं आहेत, बाकीचे तेरा खरं बोलतील; आपण एकट्याने त्याला दुखावून वाईट कशाला व्हायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. असा प्रेमळ विचार चौदाही जणांनी केला आणि चौदाही वाक्यं एकजात वळली. या वेळचं भोक पहिल्यापेक्षा मोठं होतं, त्यात पाण्याचा पेला मावला असता. ते काखेखाली पडलं.

दिगंबर त्यांच्यावर रागावला, पण पुरता रागावता येईना. बारा वर्षांपूर्वी त्याच्या बापाच्या घशात असंच झालं होतं. तेव्हा दिगंबरच पुढे होता. त्यानेच बापाला आठ महिने "खोकला आहे" म्हणून सांगितलं, त्यानेच कागदांची फाईल पलंगाखाली ढकलली. बाप बोलता येईनासं झाल्यावर पाटीवर लिहायचा. शेवटच्या आठवड्यात त्याने पाटीवर लिहिलं, खोकल्याचं औषध बदलून बघ. दिगंबर जाऊन खोकल्याची दुसरी बाटली घेऊन आला आणि स्वतःच्या हाताने दोन चमचे पाजले. बाप ते प्याला. आपला बाप त्या वेळी आपल्याकडे का बघत होता, हे दिगंबरला आता कळलं. ज्याचं जळतं त्याला कळतं, पण कळायला इतका उशीर लागायला नको होता. त्याला स्वतःची किळस आली.

तिसऱ्या खेपेला सव्वीस माणसं होती. बोळ इतका लांबला की त्याच्या टोकाला बसलेली माणसं जेमतेम दिसत. खोलीत आता टेबल, हौद आणि हौदाभोवती दाटीवाटीने गुडघे टेकलेली माणसं, एवढंच मावत होतं; दिगंबरचं डावं कोपर भिंतीला लागायचं. काही माणसांना हौदापर्यंत पोचता येईना, त्यांनी पुढच्याच्या पाठीवर तोंड टेकून आपलं वाक्य पुढे पाठवलं. तेही वळलं, आणि तिसरं भोक पडलं.

त्यानंतर डॉक्टरांनी सगळ्यांना पडद्यावर चित्र दाखवलं. दिगंबरला बाहेर बसवलं होतं. त्याने दारातून पाहिलं. गाठीभोवतीचं सगळं साफ झालं होतं. मधे ती गाठ होती, गोल, तुकतुकीत, कुठे ओरखडा नाही.

"गाठ सुखरूप आहे," डॉक्टर म्हणाले. "पेशंटमध्ये आता फार जागा उरलेली नाही. अजून एक खेप निघेल. त्यानंतर मी काही करू शकणार नाही."

गोदाक्काने विचारलं, सत्तेचाळीस माणसं आणली तर चालेल का. डॉक्टर म्हणाले, आणा.

त्या दुपारी वॉर्डात इंदू एकटी दिगंबरजवळ होती. ती मोसंबं सोलत होती आणि फोडी ताटलीत मांडत होती. त्याला तीन फोडींपेक्षा जास्त जात नव्हतं, तरी ती पूर्ण मोसंबं सोलायची. चौतीस वर्षांत दिगंबरने बायकोकडे फारसं काही मागितलं नव्हतं. मागायच्या आतच ती पुढ्यात आणून ठेवायची. आता मागायचं म्हटल्यावर त्याला ते नीट जमेना. शाल बाजूला करून त्याने तिला तिन्ही भोकं दाखवली. तिने ती पाहिली. घरातल्या माणसांपैकी तिनेच पहिल्यांदा पाहिली.

"उद्या तू बोल," तो म्हणाला.

"मी शपथ घेतली आहे."

"मला माहीत आहे. दार उघडं होतं."

इंदूने मोसंब्याची साल कागदात गुंडाळली. ती म्हणाली, "सतीशच्या डोक्यावर घेतली आहे."

"ती त्याला लागेल असं वाटतं तुला?"

"वाटतं," ती म्हणाली. मग ताटली त्याच्याकडे सरकवून म्हणाली, "तुम्हाला नाही वाटत?"

दिगंबरलाही वाटत होतं. त्याला राग आला, बायकोचा, मुलाचा, आणि मुलाची मान वाकवणाऱ्या बहिणीचा. एका पारड्यात नवरा आणि दुसऱ्यात मुलगा घालून तराजू त्या बाईच्या हातात दिला होता, आणि वर सगळे तिला म्हणत होते की वहिनी, तुम्ही फक्त स्वस्थ बसा. त्याने तिसरी फोड खाल्ली. पुढे काही मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला सत्तेचाळीस माणसं आली. अश्विनीने त्यांना ओळीने लावलं, कपाळावर खुणा केल्या, सरकवलं. याला दीड तास गेला. भिंत इतकी जवळ आली होती की दिगंबरला डावा हात छातीवर घ्यावा लागला. सगळे वाकणार एवढ्यात त्याने हौदाकडे मान वळवली आणि ओळीने चेहरे पाहिले. सगळ्यांना त्याच्याबद्दल वाईट वाटत होतं, ते खोटं नव्हतं. प्रत्येक जण आपलं वाक्य तोंडातल्या तोंडात म्हणून बघत होता, आणि ते काय आहे ते ओठांवरून दिसत होतं.

"अक्का," तो म्हणाला, "साडेबारा वाजून गेले. माणसं खोळंबलीत. सगळ्यांना जेवून येऊ दे."

गोदाक्काला ते पटलं. जेवणाची वेळ टळलेली सुतारांकडे कुणाला खपत नसे. सगळे कपाळावरच्या खुणा सांभाळत उठले आणि डबे घेऊन बोळाच्या टोकाकडे गेले, कारण नळ तिथे होता. जाताना सतीशने बापाच्या पायांवरची चादर नीट केली. इंदू जमीन पुसायला मागे राहिली. सत्तेचाळीस माणसांच्या गुडघ्यांनी हौदाभोवती पाणी सांडलं होतं आणि तिला ते बघवलं नाही.

तिने जमीन पुसली. फडकं पिळलं. मग तिने दाराकडे एकदा पाहिलं, पदर खोचला, हौदाशी गुडघे टेकले आणि पाण्यात तोंड घातलं.

"काका, श्वास धरा," अश्विनी घाईने म्हणाली.

वाक्य कुशीत शिरलं. इंदू म्हणाली, अहो, तुम्हाला कॅन्सर झालाय. मला भीती वाटते.

ते वळलं नाही. कातडीतून, फासळ्यांच्या मधल्या फटीतून, तिन्ही भोकांना बगल देऊन ते थेट गाठीपाशी पोचलं आणि टेकलं. तंबोऱ्याच्या घोडीवर तार घासून घासून शेवटी एकदाची जवारी लागते आणि आवाज खुला होतो. दिगंबरने हजारदा तो क्षण हातांनी आणला होता, पण इंदूचा आवाज इतका खुला त्याने लग्नापासून ऐकला नव्हता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्याशी कुणीतरी बोललं होतं. त्याला रडू आलं. श्वास धरलेला असल्यामुळे ते डोळ्यांतूनच गेलं. गाठ कोमट झाली. त्याला ते स्पष्ट कळलं. तेवढीच झाली, कोमट.

"सरळ गेलं," अश्विनी म्हणाली. "मावशी, तोंड काढू नका, बोलत राहा. काका, सोडू नका. एकीनं जळत नाही. अजून सात जण पाहिजेत, हेच वाक्य पाहिजे. मी बोलावते."

तिने दार उघडून हाक मारली. बोळ फार लांब होता, हाक पोचायला वेळ लागला. पलीकडून डब्यांची झाकणं वाजत होती. मग भालचंद्राचा आवाज आला, की आलो, एवढा ताकभात संपवून आलो. गोदाक्काने विचारलं, इंदू कुठं हाय, तिचं पान वाढून ठेवलंय. अश्विनीने पुन्हा हाक मारली, आणि या वेळी सतीशचं नाव घेतलं. सतीश कुणाला तरी लोणचं वाढत होता, असं उत्तर आलं.

इंदू तेच वाक्य पुन्हा म्हणाली, आणि पुन्हा. दर वेळी ते येऊन त्याच जागी टेकत होतं आणि त्याची ऊब उतरायच्या आत पुढचं येत होतं. चौथ्या वेळी तिचा तोल गेला. तिने तोंड पाण्यातून काढलं नाही. आधारासाठी नुसता हात लांब केला. तो हौदाच्या काठावरून, काखेखालच्या भोकातून दिगंबरच्या आत आला, चाचपडला, आणि तिला त्याची फासळी सापडली.

बोळात कुणीतरी हात पुसायला टॉवेल मागितला. दिगंबरने श्वास धरून ठेवला होता. इंदूने फासळी घट्ट धरली आणि पाचव्यांदा सुरुवात केली.